माइनक्राफ्टमधलं स्वयंपाकघर ३×४ चंच असावं, मोठं करू नये (चर्चा)

माजघर:
गेले दोन महिने मी माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे चौकोनी ठोकळे (ब्लॉक) रचून बांधायच्या त्या व्हिडिओ गेममध्ये, पेठेतला एक वाडा बांधतेय. चौक झाला, ओसरी झाली, माजघर झालं आणि स्वयंपाकघरापाशी गाडी अडली. सोबत खेळणारे सगळे म्हणतात, आतून ३×४ ब्लॉक म्हणजे कोंदट खोली, निदान ७×७ घे. मला ते अजिबात पटत नाही.

सर्व्हायव्हलमध्ये (सामान स्वतः जमवून खेळायचा प्रकार) आपला हात साडेचार ब्लॉकपर्यंत पोचतो. ३×४ च्या खोलीत मधोमध उभं राहिलं की स्मोकर (अन्न भाजायची भट्टी), पाण्याचा कॉल्ड्रन (हंडा), बॅरल (सामानाचं पिंप), क्राफ्टिंग टेबल (वस्तू बनवायचं टेबल) असं सगळं एकाच जागेवरून वापरता येतं. पाऊल उचलायचं नाही, नुसती मान वळवायची. नारायण पेठेतलं आजीचं स्वयंपाकघर असंच होतं. ती पाटावर बसायची. डाव्या हाताला मिसळणाचा डबा, उजवीकडे पाण्याची कळशी, पाठीशी फडताळ. फोडणी तडतडत असताना तिचा हात न बघता मागे जायचा आणि बरोबर हिंगाच्या डबीवर पडायचा. मला ते स्वयंपाकघर बांधायचंय. ७×७ मध्ये तो हात कुठे पोचणार?

सध्याची मांडणी अशी: एकाच लांब भिंतीला ओटा, वर पॉलिश्ड डीपस्लेट हा गडद दगड, कडाप्प्यासारखा दिसतो. खाली चेस्टऐवजी (पेटीऐवजी) बॅरल, कारण वर भरीव ब्लॉक आला की चेस्ट उघडत नाही, बॅरल उघडतो, आणि कप्पे दोन्हींत २७च. फर्नेसला (साध्या भट्टीला) एक पदार्थ भाजायला १० सेकंद लागतात, स्मोकरला ५, म्हणून स्मोकर. जमिनीला शहाबादी फरशीच्या जागी स्मूद स्टोन. भिंतीवर २०२५ मध्ये आलेलं शेल्फ, त्यावर तीन वस्तू समोर दिसतात, म्हणजे आपली मांडणीच. उजेडाला एकच कंदील. १.१८ आवृत्तीपासून उजेड पार शून्यावर गेला तरच झोंबी वगैरे उगवतात, त्यामुळे कोपरे अंधारे सोडता येतात. त्याआधी मशालींवर मशाली लावाव्या लागायच्या आणि असा मंद उजेड ठेवायची सोय नव्हती.

वस्तू मावत नसतील तर वस्तू कमी कराव्यात. भिंती हलवू नयेत.

दीडवीट:
मी आर्किटेक्चरला आहे आणि पूर्ण असहमत आहे. एक ब्लॉक म्हणजे १ मीटर. तुमची खोली झाली १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट. आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेतलं स्वयंपाकघर ८ बाय ७ फुटांचं, ५६ चौरस फूट. तुमची खोली त्याच्या दुपटीहून मोठी आहे आणि तरी दाटीची दिसते. कारण खरा ओटा दोन फूट खोल असतो, ब्लॉकचा ओटा सव्वातीन फूट. उंचीचंही तसंच: आमचा ओटा ३३ इंच, ब्लॉक ३९ इंच. खेळाडू १.८ ब्लॉक उंच. त्याला रोज एवढ्या उंच ओट्यावर पोळ्या लाटायला लावलं तर खांदे भरून येतील.

इथे प्रत्येक वस्तू खऱ्यापेक्षा जाड आहे, मग खोलीही त्याच प्रमाणात वाढवायला हवी. ५×६ घ्या. खऱ्या मापाचं लहानपण गेममध्ये तसंच्या तसं उतरत नाही, ते वाढवूनच उतरतं.

माजघर:
ओटा एकाच भिंतीला आहे, त्यामुळे समोर चालायला दोन ब्लॉक मोकळे राहतात. उंचीचं मात्र पटलं, ३९ इंच जास्तच आहे. काही उपाय?

दीडवीट:
चेस्ट पूर्ण ब्लॉकपेक्षा बुटकी असते, १६ पैकी १४ भाग. म्हणजे सुमारे ३४ इंच. ओटा कडाप्प्याचा दिसणार नाही, पण उंची बरोबर येईल. वर काही ठेवू नका म्हणजे उघडतीलही. ३×४ ला माझा विरोध कायम.

तांबटआळी:
मी लहान खोलीच्या बाजूनं. तुळशीबागेतली पितळी भातुकली आठवा. बोटाएवढा बंब, टिचभर जातं, चूल. भातुकलीला भिंती नसतातच. भांडी जवळजवळ मांडली की त्यांच्यामध्ये स्वयंपाकघर तयार होतं. तीच भांडी दिवाणखानाभर पसरून ठेवा, दुकान दिसेल. मोठी खोली भरायला मग उगाच काहीबाही आणावं लागतं. मी स्वतः ९×९ चं स्वयंपाकघर बांधलं होतं. अर्ध्या भिंती नुसत्या फ्लॉवरपॉटनी भरल्या आणि तिथे कधी कुणी थांबलं नाही.

आणि तांबं वापरा. आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत लहानपणापासून ठोक्यांचा आवाज ऐकलाय, म्हणून आग्रह आहे. गेममधलं तांबं उघडं ठेवलं की हळूहळू हिरवं पडतं. कुऱ्हाडीनं खरवडलं की पुन्हा लाल होतं, जसं आपण चिंच लावून घासतो, आणि मधाच्या पोळ्याचं मेण लावलं की आहे त्या रंगावर थांबतं. १.२१ मध्ये तांब्याचे ट्रॅपडोर (झडपा) आले आहेत. स्मोकरशेजारी एक उभा लावा, अर्धवट काळवंडल्यावर मेण लावा. रोज वापरातल्या परातीचा रंग येतो. एवढ्याशा खोलीत तो एकच तुकडा सगळ्यांच्या आधी दिसेल.

खडीसाखर:
मला अडचण कॅमेऱ्याची वाटते. मी भाचीबरोबर खेळते. बाहेरून बघायचा कॅमेरा चार ब्लॉक मागे जातो, ३×४ मध्ये तो भिंतीला चिकटतो आणि आपल्याच डोक्याची मागची बाजू दिसते. दोघी आत शिरलो की एकमेकींना ढकलतो. जी खोली एकट्यानंच वापरायची, ती मला उबदार वाटत नाही.

शेवगा:
खडीसाखर, तुमचाच धागा पुढे नेते, कारण मला हे वाचताना त्रास झाला.

आजीचा हात न बघता हिंगाच्या डबीवर पडायचा, खरं आहे. पण वळायला जागा नसली की हात तसा शिकतोच. माझ्या आईनं शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. एकच झरोका, तोही बोळात उघडणारा. संध्याकाळी रॉकेलचा स्टोव्ह पेटला की ती थोड्या थोड्या वेळानं दारात यायची, डोळ्यांना पदर लावायची, दोन श्वास घ्यायची आणि परत आत जायची. आम्हाला ती खोली ऊबदार वाटायची, कारण आम्ही तिथे जेवायला जायचो. तिला विचारलं असतं तर तिनं खिडकी मागितली असती. मी ते कधी विचारलं नाही.

माइनक्राफ्टमध्ये जागेला भाडं नाही. मग जुनी अडचण जशीच्या तशी का बांधायची?

माजघर:
शेवगा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं आणि मग गेममध्ये जाऊन त्या खोलीत उभी राहिले. मी खिडकी ठेवलेलीच नाही. का नाही, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच की मला आजीचं स्वयंपाकघर आठवतं ते तिच्यासमोर बसून. ती कुठे बघत होती, हे मला आठवत नाही.

तरीही खोली वाढवणार नाही. हाताशी सगळं असणं ही नुसती अडचण नव्हती, आजीला त्याचा अभिमान होता. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं तिला चालायचं नाही. पण चौकाकडची भिंत फोडते. दोन ब्लॉक रुंद खिडकी, ओट्यासमोरच्या बाजूला. खडीसाखर, मधलं दारही काढून टाकते, म्हणजे दुसरीला माजघराच्या उंबऱ्यात बसून बोलता येईल.

खडीसाखर:
उंबऱ्यात बसणं चालेल. भाचीला तिथूनच खायला मागायची सवय आहे.

शेवगा:
खिडकीपाशी पाट ठेवा. भाजी निवडायला.

दीडवीट:
मग खिडकी एक ब्लॉक उंचीवर नको. ३९ इंचांच्या वर उघडली तर पाटावर बसलेल्या बाईला फक्त आकाश दिसेल, चौक नाही. जमिनीपासूनच उघडी ठेवा आणि आयर्न बार लावा, वाड्यातल्या गजांसारखे.

माजघर:
जमिनीपासूनच करते. तिथे आत्ता डाळींचा बॅरल आहे, तो माजघरात हलवते.