उन्हाळा, सायकल आणि खान्देशातले तलाव : आपापले अनुभव लिहा

मेहरूणकर
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आवराआवरीत माळ्यावर हवा भरायचा जुना पंप सापडला. चामड्याचा वॉशर वाळून खडखडीत झालाय, दांडा दाबला की हवा मागूनच निघते. तो हातात घेतला आणि 1993 चा मे आठवला.

दहावीची परीक्षा झालेली, निकाल यायचा होता. मी, चुलतभाऊ आणि गल्लीतला एक जण जळगावहून पद्मालयच्या गणपतीच्या तळ्यावर निघालो. दोन सायकली घरच्या, तिसरी भाड्याची. पहाटे चारला निघालो, कारण नऊनंतर आपल्याकडे रस्ता म्हणजे तवा. एरंडोलपर्यंत तीसेक किलोमीटर मजेत गेले. पांडववाडा बाहेरूनच पाहिला, पोटात कावळे ओरडत होते. पुढे चढावर भाड्याच्या सायकलीचा मागचा टायर बसला. बाभळीचा काटा, दुसरं काय! पंप होता, पॅच होते, सोल्युशन होतं, पाणी मात्र पिण्यापुरतंच. भोक शोधायला ते कोण घालवणार? मग ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवली, बारीक झुळूक लागली तिथे बोट दाबून धरलं आणि पॅच मारला. अर्ध्या तासात हवा परत गेली. सायकल ढकलत तळ्यावर पोचलो, ट्यूब पाण्यात बुडवली तर भोकं दोन! चुलतभाऊ म्हणाला, इथे डाव्या सोंडेचा एक अन् उजव्या सोंडेचा एक, गणपतीच दोन आहेत, भोक एक कसं असेल?

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे आठ. आई काही बोलली नाही, तळपायाला कांदा चोळत बसली.

तुम्ही कुठल्या तलावावर सायकल नेलीत?

धुळ्याची_मावशी
नकाणे!! एका सायकलवर दोघी, सकाळी साडेपाचला. सायकल भावाची, मधे दांडा, म्हणून कैंची मारत. फ्रॉक चेनमध्ये अडकला तो सुटेना, मैत्रिणीने दाताने फाडला. ग्रीसचा डाग रॉकेलने काढला. डाग गेला, वास दिवाळीपर्यंत राहिला. भाकरी टाकायच्यात, बाकी नंतर लिहिते.

तापीकाठ
भुसावळ ते हतनूर, तेही मेमध्ये. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. धरणाचे 41 दरवाजे खरंच 41 आहेत का ते मोजायचे, एवढीच पैज. तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे आले, पैज तशीच राहिली. दुसऱ्या वर्षी चांगदेवला गेलो. देवळाबाहेरच्या दगडी फरशीवर अनवाणी अक्षरशः नाचत गेलो. पण खाली तापी-पूर्णेच्या संगमावर बसलं की उन्हाचंही काही वाटत नाही. येताना एका शेतकऱ्याने टरबूज दिलं. कॅरिअरला बांधलं, ते सुटलं आणि उतारावर आमच्या पुढे निघून गेलं.

भो_नंदुरबारवाला
भो, सपाटीवर कोनीबी चालाडस. तोरणमाळ चढी दखाडा.
शहाद्याहून निघालो होतो आम्ही चौघे. सातपायरी घाटात आम्ही सायकलवर नव्हतो, सायकल आमच्यावर होती. वर साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, मेमध्ये रात्री चादर लागली. यशवंत तलावाला सायकलवर चकरा मारल्या, फुकटचा गारवा. खरी परीक्षा उतरताना. ब्रेकच्या रबराला जळका वास येतोय म्हणून थांबलो, रिमला हात लावला तर चटका. मग एक वळण उतरायचं, दहा मिनिटं बसायचं. चढायला लागला तेवढाच वेळ उतरायला.

मेहरूणकर
@भो_नंदुरबारवाला दोन ओळी अहिराणी वाचली अन् आजी आठवली.
@तापीकाठ टरबूज सापडलं का?

तापीकाठ
सापडलं. फुटलेलं. खाल्लं.

पुण्यातली_खान्देशीण
धाग्याशी संबंध नाही, सॉरी, पण मांडे (मोठ्या पातळ पुरणपोळ्या) भाजायचं चांगलं मातीचं खापर कुठे मिळेल? आखाजीला आमरसाबरोबर साधी तव्यावरची पुरणपोळी खाऊन कंटाळले.

धुळ्याची_मावशी
मिळेल, पण बसने नेऊ नकोस. मी लेकीसाठी मांडीवर घेऊन गेले, पुण्यात उतरले तेव्हा तीन तुकडे. (भाकरी करपली आज. तुमच्यामुळे.)

साक्रीकर
तलाव नाही, पण लिहितो. वडील पाटबंधारे खात्यात होते. सुट्टीत मला पुढच्या दांडीवर बसवून दातर्तीला नेलं, विश्वेश्वरय्यांनी बांधलेला सायफन दाखवायला. कालव्याचं पाणी नळातून खाली जातं आणि पलीकडे आपोआप वर येतं, ना पंप ना मोटर. मला काही कळलं नाही, मला गोटी सोडा हवा होता. त्यांनी चपलेने मातीत आकृती काढून परत समजावलं. दांडीवर बसून पाय बधिर झालेले, उतरल्यावर पडलोच. वडील जाऊन चार वर्षं झाली. सायकल आहे अजून, अंगणात. काढवत नाही.

धुळ्याची_मावशी
नका काढू भाऊ.

भो_नंदुरबारवाला
हो. चेनला तेवढं तेल देत जा.

पुण्यातली_खान्देशीण
🙏

तापीकाठ
@मेहरूणकर पंपाचा वॉशर फेकू नका. रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवा, बोटाने कडा फाकवा, मऊ होतो.

मेहरूणकर
ठेवला वाटीत. वाटी नेमकी देवघरातली निघाली, सकाळी काय होतंय बघू.