'चायनाटाउन' आणि पाण्याचं प्रकरण
कुणीतरी म्हटलंय की 'चायनाटाउन' या हॉलिवूड सिनेमातलं पाण्याचं प्रकरण कंटाळवाणं आहे. अहो, खरी मेख तिथेच तर आहे! कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये कालव्याने पळवलं. १९७४ च्या या सिनेमाने तोच मामला १९३७ च्या दुष्काळात आणून बसवला. आणि हिरो बघा, जॅक निकोल्सन बराच वेळ नाकाला पांढरी पट्टी चिकटवून हिंडतो! आपल्याकडचा कुठला स्टार तयार होईल? (नाकपुडी चिरणारा तो बुटका गुंड म्हणजे खुद्द दिग्दर्शक पोलान्स्की.) शेवटाबद्दल गप्प बसतो, काहींनी अजून पाहिला नसेल. पण श्रीमंत म्हाताऱ्याच्या भूमिकेतला जॉन ह्यूस्टन हिरोला डोक्यासकट मासा वाढतो, तो जेवणाचा प्रसंग परत बघाच. हिरोचं आडनाव म्हातारा मुद्दाम चुकीचं उच्चारत राहतो. काय माज आहे!