घशाच्या स्वॅबआधी गुळण्या नकोत

एका ताईंनी लिहिलंय की मुलाला घशाच्या स्वॅबला, म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना घेतात त्या तपासणीला, नेण्याआधी मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या करवणार आहेत. एरवी गुळण्या चांगल्याच, पण तपासणीआधी नकोत. घशातले जंतूच तर काडीवर यायला हवेत! माउथवॉश तर अजिबात नको, तो बहुतेकदा जंतुनाशकच असतो.

त्याहून मोठी भानगड अँटिबायोटिकची. आपल्याकडे घसा धरला की मेडिकलवरून दोन गोळ्या आणून आधी पोटात ढकलायच्या, मग डॉक्टर. अशाने कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी घेतली असेल तर लपवू नका, नाव सांगा. चालू असलेलं औषध मनाने बंदही करू नका.

भरल्या पोटी जाऊ नका. काडी टॉन्सिलला टेकली की उबळ येते, आणि आत शेवभाजी असेल तर पुढचं सांगायला नको.

नाकाचा स्वॅब असेल तर आधी नाक शिंकरून घ्या. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये कित्येकांचा घोळणा फुटतो. तसा त्रास असेल, नाकाचं हाड वाकडं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर काडी घालण्याआधीच बोला. खोलवरचा स्वॅब घेताना काडी वर नाही, सरळ मागे जाते. डोळ्यांत पाणी येतं, पण काही सेकंदांचाच मामला.

मुलाला मांडीवर घ्या, एक हात कपाळावर, एक त्याच्या हातांवर. कल्चरचा रिपोर्ट साधारण २ दिवसांनी मिळतो.