सिंहस्थ २०२७ : परतीची तारीख दिसत नाहीये, जाण्याचं तिकीट काढून टाकू का?

प्रेषक: मृणाल | मंगळवार, ८ सप्टेंबर २०२६, रात्री ११.५२ (नाशिकची वेळ)

मंडळी,

पंचवटीतल्या घरमालकांना उद्या दुपारपर्यंत इसार द्यायचाय आणि त्यांना पक्क्या तारखा हव्यात. आपलं ठरलंय ते असं : शनिवार २८ ऑगस्टला लंडनहून निघायचं, रविवार १९ सप्टेंबरला परत. त्यात ३१ ऑगस्टची पर्वणी, ४ ला गणपती आणि ११ ची पर्वणी बसते. ज्यांना त्र्यंबकची करायची त्यांना १२ तारीखही मिळते.

आत्ता तिकिटं बघायला बसले तर २८ ऑगस्ट दिसतंय, पण कॅलेंडर २९ ला संपतं. पुढचे सगळे दिवस राखाडी. १९ सप्टेंबरवर बोट ठेवलं तरी काही होत नाही.

जाण्याचं एकेरी काढून ठेवू का? चौदा जण आहोत. शरदकाका फोनवर म्हणाले, "काढून टाक." अनघाताई म्हणाल्या, "हात लावू नकोस." मी मध्ये अडकलेय, तेव्हा इथेच काय ते ठरवा. आणि प्लीज, जेवणाच्या मेन्यूचा विषय या धाग्यात नको.

मृणाल

---

प्रेषक: शरदकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ६.१०

मृणाल, काढून टाक. यात विचार कसला करायचा? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. विमानं उघडली की पहिल्या दिवशी स्वस्त असतात, मग चढत जातात. २०१५ ला २९ ऑगस्टच्या पर्वणीसाठी मी जवळपास वर्षभर आधी काढलं होतं आणि निवांत झोपलो होतो. ज्यांनी रेंगाळत काढलं त्यांची काय गत झाली ते नंदूला विचार.

कालच गोदाघाटावर जाऊन आलो. धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. फोटो वेगळ्या मेलने पाठवतो.

---

प्रेषक: अनघा | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ७.४५ (लंडन)

काका, आदर ठेवून सांगते, पहिल्या दिवशी स्वस्त असतं हे अर्धंच खरं आहे आणि आपल्याला उरलेलं अर्धं लागू पडतं.

कॅलेंडर २९ ला का संपतं ते आधी सांगते. ब्रिटिश एअरवेज ३५५ दिवस आधी विक्री उघडते. काल ८ सप्टेंबर होता, त्यात ३५५ मिळवले की २९ ऑगस्ट येतो. रोज एक दिवस पुढे सरकतो. १९ सप्टेंबर २०२७ उघडेल २९ सप्टेंबर २०२६ ला. म्हणजे अजून तीन आठवडेसुद्धा नाहीत! सगळ्या कंपन्यांचा आकडा सारखा नसतो. सिंगापूर एअरलाइन्स ३५५, अमेरिकन आणि डेल्टा ३३१, युनायटेड ३३७. मृणालची न्यू जर्सीची जाऊबाई येणार असेल तर तिला ३३१ च्या हिशोबाने २८ ऑगस्टचं विमान १ ऑक्टोबरच्या आधी दिसणारच नाही. तिला उगाच घाबरवू नका.

आता भावाचं. अकरा महिने आधी जो भाव लावलेला असतो तो कंपनीने अजून विचारच केलेला नसतो. मागच्या वर्षीच्या आधाराने टाकून दिलेला असतो. स्वस्तातले भाव-वर्ग, म्हणजे एकाच विमानातल्या जागांचे वेगवेगळ्या भावांचे गट, पुढे विक्री कशी चाललीय ते बघून उघडतात, मिटतात. पहिल्या दिवसाला खरी किंमत आहे ती पॉइंटवाल्यांना, म्हणजे विमान कंपनीचे साठवलेले पॉइंट देऊन तिकीट घेणाऱ्यांना. पॉइंटवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि त्या उघडल्या क्षणी जातात. जीएमटीची मध्यरात्र, म्हणजे आत्ता लंडनचा रात्रीचा एक आणि नाशिकचे पहाटेचे साडेपाच. पैसे मोजणाऱ्याने तेव्हा जागायचं काही कारण नाही.

एकेरी काढू नकोस हे मी म्हणाले ते यासाठी. मोठ्या कंपन्यांचं एकेरी तिकीट पुष्कळदा दुहेरीच्या अर्ध्याहून बरंच जास्त पडतं. आणि दुसरं, आपली अडचण जाण्यात नाहीच. अडचण येण्यात आहे. सप्टेंबरच्या मध्यावर भारतातून इकडे येणारी विमानं विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, विद्यापीठं उघडतात म्हणून. जाण्याचं आज घेतलं आणि येण्याचं २९ ला महाग निघालं तर तू चौदा जणांसकट मुंबईत अडकलीस.

घरमालकांना तारखा दे. तारखा बदलत नाहीयेत, तिकीट तीन आठवडे थांबतंय इतकंच.

---

प्रेषक: प्रसाद | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ८.०२

अनघाताई, सगळं बरोबर, पण मंगळवारी रात्री आणि ब्राउझरच्या गुप्त खिडकीतून बघायचं हे विसरलात. साधं तीन वेळा शोधलं की भाव वाढवतात. माझ्या डोळ्यांदेखत साठ पाउंडांनी वाढला होता.

---

प्रेषक: अनघा | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ८.२०

प्रसाद, तुझ्या डोळ्यांदेखत स्वस्त वर्गातल्या शेवटच्या जागा दुसऱ्या कुणी घेतल्या असतील. गुप्त खिडकीने जागा परत येत नाहीत.

---

प्रेषक: प्रसाद | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ८.२२

बरं. मंगळवारचं काय?

---

प्रेषक: नंदूकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ९.३०

नमस्कार. मला कुणीही विचारलं नाही, पण माझं नाव शरदने काढलंय म्हणून लिहितो.

मंडळाच्या सामूहिक प्रवासाचं बुकिंग गेली अनेक वर्षं मी बघतो आणि ते असं एकेकाने वेबसाइटवर बोटं आपटून होत नाही. दहा किंवा अधिक प्रवासी असले की कंपनी त्याला ग्रुप मानते. ग्रुपचा भाव वेगळा मागवायचा, अनामत भरायची, नावं नंतर द्यायची. चौदा जणांतले दोन ऐन वेळी गळतात हा माझा अनुभव आहे. इथे नावं घेत नाही.

"ज्यांनी रेंगाळत काढलं" त्यांच्याबद्दल. २०१५ ला मी रेंगाळलो नव्हतो. मी वेळेत काढलं होतं. कंपनीने चार महिन्यांनी वेळापत्रक बदललं आणि मधल्या थांब्यावर पावणेदोन तासांचे पंचावन्न मिनिटं झाले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, सिस्टीमने मान्य केलंय म्हणजे होतं. झालं नाही. रात्र विमानतळावर, बॅगा दुसऱ्या दिवशी, आणि हिची नऊवारी तिसऱ्या दिवशी. शरद तेव्हा कॉलेज रोडला मिसळ खात होता.

---

प्रेषक: केदार | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी ९.५८

नंदूकाकांच्या वेळापत्रकाच्या मुद्द्याला पाठिंबा. विमानांची हंगामी वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. २०२७ चा उन्हाळी हंगाम २८ मार्चला सुरू होतो. आत्ता आपल्याला ऑगस्टसाठी जे दिसतंय तो एक अंदाज आहे, त्यातल्या वेळा हलणार हे धरूनच चाला. म्हणून थेट लंडन–मुंबई घ्या, दोन पाउंड जास्त गेले तरी. आणि इथून निघणारं विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं निवडायचा हक्क आपला असतो. बाई काय म्हणतात त्यावर जायचं नाही.

ग्रुपबद्दल मात्र थोडं वेगळं मत. ग्रुपचा भाव स्वस्तच असतो असं नाही, सोय मिळते. उलट वेबसाइटवर चौदाचा आकडा टाकून शोधायचंच नाही, नऊच्या वर बहुधा घेतही नाही. समजा सात टाकले आणि स्वस्त वर्गात पाचच जागा उरल्यात, तर सिस्टीम सातही जणांना वरच्या वर्गाचा भाव लावते. आधी एक जण टाकून बघा, मग तीन, मग पाच. कुठे उडी बसते ते कळतं. तिथे तोडायचं.

मृणाल, बाबांचं तिकीट मात्र तुझ्याच बुकिंगमध्ये ठेव. व्हीलचेअरवाला एकीकडे आणि सोबत येणारा दुसरीकडे असं नको.

---

प्रेषक: नंदूकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, सकाळी १०.०४

ग्रुप तोडला तर सगळे शेजारी बसणार नाहीत. हे लक्षात घ्या.

---

प्रेषक: वृषाली | बुधवार, ९ सप्टेंबर, दुपारी १२.४०

शाळावाल्यांचा विचार कुणी करतंय का? ३१ ऑगस्टची पर्वणी करून आम्ही परतेपर्यंत मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असणार. ११ तर सोडाच. आमच्यासाठी २ ऑगस्टची पहिली पर्वणीच शक्य आहे, आणि ती सोमवती अमावास्या आहे, शिवाय सुट्टीत. हो, सुट्टीचे भाव द्यावे लागतील, ते आम्ही दरवर्षीच देतो. त्यासाठी ३१ जुलैचं विमान १० ऑगस्टलाच उघडलंय, मी रोज बघतेय, भाव अजून एकदाही खाली आलेला नाही.

त्याच दिवशी सूर्यग्रहण पण आहे. सासूबाई विचारताहेत, ग्रहणात पर्वणी कशी?

---

प्रेषक: शरदकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, दुपारी १.१५

वृषाली, ग्रहण खग्रास तिकडे स्पेन, इजिप्तकडे. आपल्याकडे पश्चिम भारतात खंडग्रास, तेही दुपार उलटल्यावर. स्नान पहाटेपासून चालू असतं. सासूबाईंना सांग, निर्धास्त या. ग्रहण सुटल्यावरचं मोक्षाचं स्नान वेगळं करायचं असेल तर गोदा कुठे पळून जात नाही.

नंदू, मिसळ कॉलेज रोडची नव्हती.

---

प्रेषक: प्रसाद | बुधवार, ९ सप्टेंबर, दुपारी १.४०

मुंबईहून नाशिकला कसं जायचं हे कुणी ठरवलंय का? रेल्वे १२० दिवस आधी काढून ठेवूया ना.

---

प्रेषक: शरदकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, दुपारी २.०५

१२० गेले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय. ऑगस्टअखेरच्या गाडीला जूनअखेर जागा, त्याआधी नाव काढू नका. पंचवटी एक्सप्रेस मिळाली तर उत्तम, वंदे भारतही नाशिकरोडला थांबते. पण चौदा माणसं, अठ्ठावीस बॅगा आणि पर्वणीची गर्दी, मी तर दोन गाड्या करेन. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा जून २०२५ ला उघडला, कसाऱ्याचा घाट चुकतो. मात्र पर्वणीच्या आदल्या दिवशी शहरात गाडी घुसवायचा विचार सोडा. बाहेरच्या वाहनतळावर उतरायचं आणि मग बस, मग पाय. २०१५ ला नाशिकच्या द्वारका चौकापासून चाललो होतो. म्हणून २८ लाच निघा, २९ ला पोचून ३० ला घरातच बसा. मृणालचे बाबा रामकुंडावर जाणार कसे हे मला आधी ठरवायचंय, विमानाचं तुम्ही बघा.

---

प्रेषक: मृणाल | बुधवार, ९ सप्टेंबर, रात्री १०.३०

इसार दिला. २९ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर, तीन खोल्या आणि वरची गच्ची. घरमालक म्हणाले, "३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण झालं की मला फोन थांबायचे नाहीत, बरं झालं आत्ता आलात."

तिकीट आज काढत नाहीये. २९ सप्टेंबरला दुहेरी भाव बघायचा, नंदूकाकांनी तोवर ग्रुपचा भाव मागवून ठेवायचा, आणि दोन्ही समोर ठेवून ठरवायचं. ग्रुप महाग निघाला तर केदार सांगतो तसं तीन-तीन, चार-चार करून. भाव वेडावाकडा असला तर जानेवारीपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, त्यापुढे बाबांच्या बाबतीत मला जीवाला घोर नको.

वृषाली, तुझं वेगळं बघू. २ ऑगस्टच्या पर्वणीला जाणारे अजून कुणी असतील तर तिला थेट लिहा.

शरदकाका, बाबा रामकुंडावर जाणार नाहीत म्हणतात. म्हणतात, कळशीभर पाणी घरी आणा.

---

प्रेषक: नंदूकाका | बुधवार, ९ सप्टेंबर, रात्री १०.४४

भाव मागवतो. पण चौदाचे बारा होणार, आत्ताच सांगतो.

---

प्रेषक: प्रसाद | बुधवार, ९ सप्टेंबर, रात्री १०.५१

२९ सप्टेंबर मंगळवार आहे. बघा.