परोपजीवी, रोगकारक की बांडगूळ?

प्रश्न : ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अंगावर वाढणाऱ्या हेस्परोमायसीस बुरशीबद्दल लिहिते आहे. तिला 'रोगकारक' म्हणावं की 'परोपजीवी'? 'बांडगूळ' चालेल का?

उत्तर : 'परोपजीवी'च म्हणा. पर अधिक उपजीवी, दुसऱ्यावर उपजीविका करणारा. 'परजीवी' लिहिलंत तरी अर्थ तोच. 'रोगकारक' मात्र ब्युव्हेरिया, मेटाऱ्हायझियम यांच्यासाठी राखून ठेवावा असं मला फार वाटतं. त्या बुरश्या कीटकाच्या शरीरात तंतू पसरवतात, त्याला मारतात आणि मग मेलेल्या अंगावर उगवून येतात. हेस्परोमायसीसला तंतूंचं जाळंच नसतं. चिकट बीजाणू कवचाला चिकटतो आणि त्यातून मोजक्या पेशींचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पिवळसर हिरवा कोंब उभा राहतो. सगळा कोंब बाहेर, फक्त बूड कवच भेदून आत अन्न शोषतं. तिला जिवंत किडाच लागतो.

– मग 'लागण झाली' असंही म्हणू नये का?

– जरूर म्हणा, इथे तो शब्द अगदी चपखल आहे. ही बुरशी अंगाला अंग लागूनच पसरते : मीलनात, किंवा हिवाळ्यात किडे दाटीवाटीने बसतात तेव्हा. म्हणून नराच्या पोटाकडे आणि मादीच्या पाठीवर कोंब जास्त दिसतात. लागण प्रौढ किड्यांनाच होते, कारण अळी कात टाकत राहते आणि कोंब कातीबरोबर निघून जातो.

– बांडगुळाचं मूळही झाडात घुसतंच की. मला तो शब्द जवळचा वाटतो.

– घुसतं, पण बांडगुळाला हिरवी पानं असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं, अन्न बरंचसं स्वतः बनवतं. तुलना हवीच असेल तर अमरवेलीशी करा. शिवाय 'बांडगूळ' म्हटलं की तुच्छता येते, शास्त्रीय लेखात ती कशाला?

– आणि बुरशी ज्यावर जगते त्या किड्याला 'यजमान' म्हणावं का?

– रूढ आहे, राहू द्या. 'आश्रयदाता' टाळा, त्यात राजीखुशी आहे.

– एक भर. बुरशीतज्ज्ञ थॅक्स्टर यांनी १८९१ साली वर्णिलेलं 'हेस्परोमायसीस व्हायरेसन्स' हे नाव सरसकट लिहू नका. हार्मोनिया अॅक्सिरिडिस या ढालकिड्यावरची बुरशी २०२२ पासून वेगळी जात मानली जाते, हेस्परोमायसीस हार्मोनिए. आधी किडा कोणता ते बघा, मग बुरशीचं नाव लिहा.