मदत हवी आहे: दुसरीतल्या पोरीच्या डब्यात काय देऊ?
मंडळी, फोंड्याला असतो, मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी कायतरी सुचवा ना. नाचण्याचं तिजान (पातळ पेज) घरी आवडीनं खाते पण डब्यात ते कसं देणार, आणि पोईत (गोव्याकडचा पोकळ पाव) मूग भरून दिले तर पोई खाऊन मूग तसेच परत, तेही रुमालात बांधून! एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०२० च्या नियमाने शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचं विकायला बंदी आहे, पण आमचा कोपऱ्यावरचा गाडा बहुतेक ५१व्या मीटरवर असावा, सुटली की चिप्सचा हट्ट ठरलेलाच. सकाळी पटकन होईल, दहापर्यंत भिजट होणार नाही असं काय देता तुम्ही? शेंगदाणे सोडून सांगा, वर्गात एकाला अ‍ॅलर्जी आहे.