सिव्हिल झाल्यावर थेट क्वांटिटी सर्व्हेयर व्हावं का?

कराडची_अभियंता
नमस्कार. यंदा बी.ई. सिव्हिल झालं. हातात दोन ऑफर आहेत, दोन्ही पुण्यातल्या. एक ठेकेदाराकडे साईट इंजिनिअर, दुसरी एका कन्सल्टंटकडे ज्युनिअर क्वांटिटी सर्व्हेयर (क्यूएस): ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढायच्या, बीओक्यू म्हणजे कामांची आणि परिमाणांची यादी बनवायची, ठेकेदाराची आरए बिलं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारी बिलं, तपासायची. एस्टिमेटिंग हा माझा सगळ्यात आवडता विषय होता. बाबा म्हणतात, इंजिनिअर होऊन हिशेबनीस कशाला व्हायचं? माझं मत आहे की क्यूएसच घ्यावं आणि आत्ताच घ्यावं. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

मुरूम_ते_मजला
नाही पटत. आधी साईट, मग क्यूएस. मी ठेकेदाराच्या बाजूने बिलं करत आलोय, त्यावरून सांगतो.

ड्रॉइंग सांगतं, खोदाई 3 मीटर. त्या 3 मीटरांत मुरूम किती, कच्चा खडक किती, पक्का खडक किती, ते ड्रॉइंगवर नसतं. आपल्याकडच्या काळ्या दगडात खरं भांडण तिथेच होतं, कारण मुरमाचा दर आणि पक्क्या खडकाचा दर यांत फार अंतर आहे. पोकलेनची बकेट चालेनाशी झाली आणि खडक फोडायला ब्रेकर लावावा लागला, की त्याच वेळी काम थांबवून दोन्ही बाजूंनी मिळून लेव्हल घ्यायच्या, फोटो काढायचे, सह्या करायच्या. एकदा पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, पडलं की खाली काय होतं हे कुणालाच दाखवता येत नाही. ज्यानं ब्रेकर चालताना कधी पाहिला नाही, तो ऑफिसात बसून खडकाचा आयटम सरळ मुरमात टाकतो, आणि ठेकेदार सहा महिने त्या पैशांसाठी हेलपाटे घालतो. हे मी भोगलंय, म्हणून इतकं लिहितोय.

दोहा_डायरी
मुरूमदादा, खडकाचं शंभर टक्के खरं. पण त्यातून निघतं इतकंच की क्यूएसने मोजणीला साईटवर गेलं पाहिजे. त्यासाठी दोन वर्षं स्लॅब भरत उभं राहायची गरज नाही.

कराडताई, मी कतारमध्ये हेच काम करते. इथे बरीचशी कामं फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नमुना करारांच्या धर्तीवर चालतात. फिडिकच्या 1999च्या रेड बुकात, म्हणजे त्यांच्या बांधकामाच्या नमुना करारात, ठेकेदारासाठी 20.1 कलम आहे: उशीर झाला, खर्च वाढला, तर ते कळल्यापासून 28 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नाही दिली तर हक्क गेला. काम कितीही चांगलं केलेलं असो. ती नोटीस वेळेत आणि नेमक्या शब्दांत लिहिणाऱ्याला इथे मान आहे. यात हिशेब आहेच, पण त्याहून जास्त करार वाचणं आहे. बाबांना हे सांगा.

आणि इथे स्पर्धा कुणाशी, तर श्रीलंकेच्या मुलांशी. त्यांच्याकडे मोरातुवा विद्यापीठात क्वांटिटी सर्व्हेइंगची स्वतंत्र पदवी आहे. ती मुलं पहिल्या दिवसापासून हेच शिकून येतात. आपण आधी साईट, मग बिलिंग, मग क्यूएस करत वय घालवतो. त्यापेक्षा लवकर सुरुवात करा, एमआरआयसीएसच्या, म्हणजे सर्व्हेयरांच्या ब्रिटिश संस्थेच्या सदस्यत्वाच्या, मागे लागा. आणखी एक, जे पुरुष मंडळी धाग्यात लिहिणार नाहीत: साईटची ऑफर घेण्याआधी तिथे बायकांसाठी संडास आहे का, ते स्वतः जाऊन बघा.

थ्रीडी_सातारा
दोघांनाही माझा विरोध. क्वांटिटी काढणं हे काम आता माणसाचं राहिलेलं नाही. बीआयएम मॉडेलमधून, म्हणजे इमारतीच्या माहितीसकट थ्रीडी संगणकी मॉडेलमधून, काँक्रीट, वीट, प्लास्टर सगळं एका क्लिकवर निघतं. ताईंनी मॉडेलिंग शिकावं.

एमबी_वाला
मॉडेल आकडा देतं, पण मोजणीचा नियम त्याला कुणीतरी सांगावा लागतो. आयएस 1200 या मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लास्टर मोजताना अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करत नाहीत. अर्धा ते 3 चौरस मीटर असेल तर एकाच बाजूचं वजा करतात. दुसऱ्या बाजूचं सोडतात, कारण त्यात जांब आणि सिलचं, म्हणजे भोकाच्या आतल्या कडांचं आणि खालच्या पट्टीचं, प्लास्टर भागतं. आता दीड बाय एक पॉइंट दोनची खिडकी घ्या, 1.8 चौरस मीटर. मॉडेल दोन्ही बाजूंनी वजा करतं आणि जांबचं प्लास्टर त्यात बहुतेक वेळा कुणी काढलेलंच नसतं. अशा 400 खिडक्या असल्या की 720 चौरस मीटरचा फरक! हे ज्याला दिसतं तो क्यूएस. सॉफ्टवेअर जरूर शिका, पण मोजणीचे नियम तोंडपाठ झाल्यावर.

मुरूम_ते_मजला
एमबीवाले, याला पूर्ण अनुमोदन. सळईचंही तसंच. बिल प्रमाण वजनाने होतं, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 एमएमला मीटरमागे 0.888 किलो. खरेदी मात्र वजनकाट्यावर होते, आणि 12 एमएमला 5 टक्के कमी-जास्त मानकातच मान्य आहे. 100 टन सळई भारी निघाली तर 5 टनांपर्यंत पैसे ठेकेदाराच्या खिशातून जातात. गाडी आली की तुकडा कापून वजन करायची सवय साईटवरच लागते. दोहाताई, म्हणून माझं मत बदललं नाही.

दोहा_डायरी
माझंही नाही. तुकडा कापून वजन करायला अर्धा तास लागतो. करार वाचायला शिकायला वर्षं लागतात.

कराडची_अभियंता
सगळ्यांचे आभार. आज कन्सल्टंटला फोन करून विचारलं की जॉइंट मेजरमेंटला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून साईटवर करायच्या मोजणीला, कोण जातं. म्हणाले, सीनियर जातात, ज्युनिअर ऑफिसात.

मुरूम_ते_मजला
मग नको घेऊस.

दोहा_डायरी
घ्या, पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी महिन्यातून ठरावीक दिवस साईटवर पाठवतील असं त्यात लिहून घ्या. टाळाटाळ केली, तर मात्र मुरूमदादांचं ऐका.